आज झोपायचं कशावर

नांदेडच्या आमच्या संगणक कक्षात शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. तसा नियम कुठेही लावलेला नव्हता. उंबऱ्याबाहेर मुनीर सरांची टाचेकडे झिजलेली तपकिरी चप्पल भिंतीला लागून सरळ ठेवलेली असे. ती दिसली की आपली चप्पल आपोआप पायातून निघे. आत तळव्यांना गार फरशी लागे. निळ्या पडद्यांतून गाळून आलेला उजेड पाण्याच्या तळाशी असतो तसा दिसे, आणि त्या उजेडात सगळे संगणक एका संथ लयीत श्वास घेत आहेत असं वाटे. मी नुकतीच भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली होती. तो आवाज म्हणजे निरनिराळ्या पंख्यांच्या कंपनांची बेरीज आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही त्या खोलीत मी नेहमी हळू बोलत असे, कुणीतरी झोपलेलं आहे असं समजून.

कक्ष एका शिक्षणसंस्थेच्या ग्रंथालयाचा होता. संस्थेची दुसरी शाखा लातूरला, डाळमिलांच्या शेजारी. दोन्हीकडचे संगणक लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीवर चालत आणि दोन्हीकडची जबाबदारी मुनीर सरांवर होती. मी त्यांची साहाय्यक म्हणून लागले तेव्हा ते निवृत्तीला टेकले होते, आणि मी पुण्याच्या एका संशोधनसंस्थेतल्या प्रवेशाची वाट पाहत होते. मधल्या महिन्यांत काहीतरी ठोस करून दाखवावं, असा माझा विचार होता. संधीही आयती चालून आली. आमच्या लिनक्सच्या आवृत्तीचा कार्यकाळ संपत होता. तिच्यातली भगदाडं बुजवणाऱ्या सुधारणा येणं लवकरच थांबणार होतं. संचालकांनी फर्मावलं की मे संपण्याच्या आत सगळी यंत्रं नव्या आवृत्तीवर गेली पाहिजेत. जे यंत्र जाणार नाही, त्याचं इंटरनेट तोडलं जाईल.

मी आराखडा तयार केला. सगळ्यांच्या फायलींचा बॅकअप, एक मध्यवर्ती संगणक, एकच आज्ञावली, एकच रविवार. सोमवारी सकाळी लोक येतील तेव्हा प्रत्येकापुढे नवा, चकचकीत, एकसारखा डेस्कटॉप. मुनीर सरांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना ते डोळे मिटत आणि अंगठ्यानं तर्जनीचं टोक चोळत राहत, जणू चिमटीत काहीतरी मऊ धरलेलं आहे.

"लई चांगलं केलंय, बेटा," ते म्हणाले. "आता एवढंच सांग. रविवारी समद्या गाद्या उसवल्या, तर माणसं झोपणार कशावर?"

ते उठून चहा सांगायला गेले.

या प्रश्नाचा उगम मला हळूहळू कळला. सरांचे वडील, अब्बा, नांदेडच्या इतवाऱ्यातले पिंजारी होते. खांद्यावर पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचं लांब धनुष्य, घेऊन ते गल्लीगल्लीतून जात आणि ओरडण्याऐवजी त्याची तात छेडत. त्या घुमणाऱ्या आवाजावर बायका दारात येत. वर्षानुवर्षं दबून घट्ट झालेल्या गाद्या उसवायच्या, आतला कापूस पिंजून पुन्हा फुलवायचा आणि नव्या खोळीत भरायचा, हा त्यांचा धंदा. एखादं घर उत्साहानं सगळ्या गाद्या अंगणात आणून टाकी. अब्बा त्यांतली एकच घेत. बाकीच्या परत आत पाठवताना म्हणत, "उद्या. आज झोपायचं कशावर?"

त्यांचे आणखीही दंडक होते. न सांगता कुणाची गादी उचलायची नाही. ज्या घरची गादी, त्याच घरच्या जुन्या कपड्याची चिंधी तिला बांधायची, म्हणजे कापसाची अदलाबदल होत नाही. खोळ नवी, पण कापूस ज्याचा त्यालाच परत. आणि शेवटचा दंडक मला सर्वांत विलक्षण वाटे: गादी पोचवण्याआधी अब्बा स्वतः तिच्यावर आडवे होत. गिऱ्हाइकं चेष्टा करत, "मामू, भाडं द्या झोपायचं." अब्बा डोळे मिटून पडत. पाठीखाली गाठ लागली की उठून पुन्हा टाके उसवत. डोळा लागला, तर गादी जमली.

"बाकी मोजमाप न्हवतंच त्यांच्याकडं," सर म्हणत. "डोळा लागला का न्हाई, बस."

सरांचं अपग्रेडचं नियोजन याच दंडकांवर उभं होतं, आणि ते माझ्या विश्लेषक बुद्धीला हळूहळू पटत गेलं, कारण त्याच्या मुळाशी निरीक्षण होतं. नवी आवृत्ती सर्वांत आधी ते स्वतःच्या यंत्रावर चढवत आणि कित्येक आठवडे तिच्यात राहत. मग एक स्टूल घेऊन एकेका माणसाच्या मागे बसत. बसत म्हणजे फक्त बसत. माणूस कुठे हात नेतो, काय उघडतो, कुठे अडखळतो, काय उघडल्यावर त्याचे खांदे सैल पडतात, हे पाहत. शेवटी एकच विचारत, "यातलं काय हरवलं तर तुला करमणार न्हाई?" उत्तरं चमत्कारिक असत. एका प्राध्यापकांना पडद्यावरचं घड्याळ मोठंच लागे, कारण मनगटावरचं त्यांना दिसेनासं झालं होतं. ग्रंथपालबाईंना फाइल पुसताना येणारा कागद चुरगळल्याचा आवाज हवा होता. तो आला की काम झालं असं त्यांना वाटे. मी हे तांत्रिक गरजांच्या रकान्यात कुठे टाकावं या विचारात असताना सर त्या यंत्राला चिंधी बांधून मोकळे झालेले असत. चिंधी ज्याची त्याच्या घरूनच यायची. यंत्राचं काम व्हायचं असलं तर चिंधीला गाठ. काम झालं की गाठ सुटायची. त्या उन्हाळ्यात आमचा कक्ष लग्नघराच्या मांडवासारखा दिसे. साड्यांचे काठ, धोतराची किनार, शाळेच्या गणवेशाची निळी पट्टी, सगळं पंख्याच्या वाऱ्यानं मंद हलत असे.

लातूरच्या देवघेव खिडकीवर सुरेखाताई बसत. त्या मूळच्या शिरूर अनंतपाळच्या, म्हणजे माझ्याच गावच्या, आणि सरांना त्या भाई म्हणत. त्यांनी पडद्यावरच्या चिन्हांखालची नावं कधी वाचलीच नव्हती. त्यांचं सगळं काम जागेवर चाले: डावीकडून दुसरं म्हणजे पुस्तक देणं, तिसरं म्हणजे परत घेणं. सरांनी हे स्टुलावर बसून टिपलं होतं. नव्या डेस्कटॉपनं वर नेलेली चिन्हांची पट्टी त्यांनी सुरेखाताईंसाठी मुद्दाम खाली आणून ठेवली, क्रमही जुळवला. पुढे एक बारीकशी सुधारणा आपोआप उतरली आणि तिनं मध्येच एक नवं चिन्ह आणून बसवलं. सगळ्यांच्या जागा एकेक घर सरकल्या.

फोन आला तेव्हा सरांनी तो मलाही ऐकू यावा असा टेबलावर ठेवला.

"भाई, पुस्तक परत घ्यायला गेलं की हे मला चित्र काढ म्हणून राहिलंय."

"कसलं चित्र?"

"मला काय माहीत? पांढरा कागद दाखवतंय अन् रंगपेटी. तुमच्या नव्या मशीनला वाटतंय का, मी बालवाडीत हाय?"

"मग काढलं का?"

"काढलं की. समोर पोरांची रांग लागलेली, करू काय? तुमचंच काढलं. दाढी जमली न्हाई."

मी सरांना म्हटलं की हे दूरवरून, माझ्या जागेवरून हलल्याशिवायही दुरुस्त करता येईल. त्यांनी मान हलवली. "गादीतली गाठ फोनवर निघत न्हाई, बेटा." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही लातूरला गेलो. लोहा गावाच्या पुढे सर खिडकीशी डोळे मिटून बसले होते. बाहेर सोयाबीन निघून गेलेली काळी रानं उन्हात पसरली होती आणि त्यांच्यावर हवा पाण्यासारखी थरथरत होती. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "माणसाला झोपेत उचलून दुसऱ्या घरी नेलं अन् जाग आल्यावर पाण्याचा तांब्या उशाशीच असला, तर त्याला घर बदलल्याचं दुःख होत न्हाई. आपल्याला एवढंच करायचंय. तांब्या."

लातूरला चिन्ह काढून टाकायला क्षणभरही वेळ लागला नाही. उरलेला सगळा वेळ सरांनी यंत्राची पेटी उघडून आतली डाळमिलची पिवळी धूळ मऊ ब्रशनं झाडण्यात घालवला. तुरीचा भाजका वास खोलीभर झाला. निघताना त्यांनी सुरेखाताईंचं ते चित्र मागून घेतलं. पुढे ते त्यांच्या पडद्यावर कायम होतं: एक गोल डोकं, मोठे कान, आणि हनुवटीला दाढीऐवजी काटेरी झुडूप.

नांदेडच्या कक्षात खिडकीच्या कोपऱ्यात एक संगणक होता, ज्याचा पडदा कधीच सुरू केलेला नसे. तो वंदनाचा. वंदना सोनकांबळे मुदखेडहून रोज रेल्वेनं येई. जन्मापासून तिला दिसत नव्हतं. घरी संगणक नव्हता. वडील रेल्वेत गँगमन होते आणि लेक प्राध्यापक होणार, असं त्यांनी साऱ्या वस्तीला सांगून ठेवलं होतं. इतिहासाच्या पात्रता परीक्षेसाठीची सगळी पुस्तकं ती या यंत्राकडून ऐके. मजकूर वाचून दाखवणारा आवाज जुना होता: पुरुषी, कोरडा, पत्र्यासारखा. वंदना त्याला गुरुजी म्हणे. तिनं गुरुजींचा वेग इतका वाढवून ठेवला होता की आम्हाला ते शब्द वाटतच नसत. पत्र्यावर मूठभर ज्वारी सांडावी तसा एक सलग नाद तिच्या हेडफोनच्या कडेनं झिरपत राही. ती त्यात तासन्‌तास बुडालेली असे, चेहरा किंचित वर, ओठांवर कसलीशी अस्पष्ट हालचाल.

सरांनी तिची चिंधी सगळ्यांत शेवटी मागितली. तिनं स्वतःच्या जुन्या ओढणीची पट्टी दिली आणि गाठ बोटांनी चाचपून पाहिली.

"वंदना, तुझी गादी उसवायची हाय."

"कधी, सर?"

"मे संपायच्या आत."

"परीक्षा जूनमध्ये हाय."

"म्हणून तर विचारून राहिलो."

"नव्यात गुरुजी राहतील का?"

सर खोटं बोलत नसत. "आत्ता तर न्हाईत. त्यांचा आवाज नव्या आवृत्तीत चालत न्हाई. दुसरा हाय, बाईचा. गोड हाय."

"गोड माणसांकडनं मी काय शिकले न्हाई, सर," ती म्हणाली आणि हसली. पण तिचा हात चिंधीवरून निघाला नाही.

आम्ही तिला नवा आवाज ऐकवला. तो खरोखर सुरेख होता, माणसासारखा. तिच्या वेगावर नेला की मात्र त्याचे शब्द एकमेकांत विरघळत, भिजलेल्या वर्तमानपत्रावरच्या शाईसारखे. तिनं बराच वेळ प्रयत्न केला आणि हेडफोन काढून ठेवले.

"ताई," ती मला म्हणाली, "तुम्ही वाचता तवा तुम्हाला अक्षरं दिसतात का मजकूर दिसतो?"

"मजकूर."

"मलापण गुरुजींचा आवाज ऐकू येत न्हाई. मजकूरच येतो. हिचा आवाज ऐकू येऊन राहिला. शेवटच्या महिन्यात मी उजळणी करू का हिची ओळख करून घेऊ?"

तेव्हापासून आमच्या आराखड्यात एकच यंत्र खऱ्या अर्थानं शिल्लक राहिलं. बाकीच्या गाठी एकेक करून सुटत गेल्या.

संचालक कधी कक्षात येत नसत, कारण त्यांना बूट काढणं जमत नसे. ते उंबऱ्यापलीकडे उभे राहत आणि सर अलीकडे. त्या दिवशीही तसंच झालं.

"मुनीर, एका मुलीसाठी सगळ्या संस्थेला धोका पत्करायचा का?"

"न्हाई, साहेब. तुमचं बरोबर हाय. जुनं यंत्र उघड्यावर ठेवायचं न्हाई."

"मग?"

"तिचा जुना आवाज नव्यात आणता येतो का, महिनाअखेरपर्यंत बघतो. जमलं न्हाई, तर ते उसवायचं न्हाई. इंटरनेट काढून घेऊ. तिला लागणारी वर्तमानपत्रं, पुस्तकं मी रोज सकाळी पेनड्राइव्हवर आणून देईन."

"तुम्ही मेअखेरीस निवृत्त होताय."

"निवृत्त माणसाला सकाळी दुसरं काम काय असतंय, साहेब?"

संचालक हसले नाहीत, पण गेले. जाताना त्यांनी दोन्ही चपलांकडे, सरांच्या आणि माझ्या, उगाचच पाहिलं.

मग आम्ही कापूस पिंजायला घेतला. हा शब्द आता मीही सहज वापरू लागले होते. गुरुजींचा आवाज घडवणारी मूळ आज्ञावली खुली होती. लिनक्सच्या जगात बहुतेक गोष्टी उघड्या असतात, कुणालाही उसवून पाहता येतात. तिचा धागा न् धागा वेगळा करून नव्या आवृत्तीच्या खोळीत भरायचा होता. हे काम आम्ही सरांच्या यंत्रावर करत होतो. वंदनाच्या यंत्राला अजून हात लावलेला नव्हता. जुन्या आज्ञा नव्या व्यवस्थेला समजत नव्हत्या. मी त्रुटी शोधी, सर त्या समजावून घेत, मी दुरुस्त करी. खिडकीच्या पडद्यांबाहेर ऊन पांढरं झालेलं असे, रस्त्यावर माणूस नसे, आणि त्या निळसर शांततेत जुन्या अक्षरांच्या ओळी वर सरकत राहत. एके दुपारी गुरुजी बोलले. तोच पत्रा, तोच कोरडेपणा. मी तिच्या वेगावर चाचण्या घेतल्या, सगळ्या उत्तीर्ण झाल्या. नोंदींत एकही त्रुटी नव्हती. मी म्हटलं, "सर, झालं."

सरांनी पडदा बंद केला, हेडफोन लावले, खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले. बराच वेळ गेला. मध्येच त्यांच्या भुवया दचकल्यासारख्या वर जात आणि पुन्हा खाली येत.

"गाठ हाय," ते म्हणाले.

"कुठे?"

"सुरुवातीला कुठंतरी. टोचते. नेमकं सांगता येत न्हाई."

पुढचे कित्येक दिवस ते असेच बसत. लोक दारातून डोकावत आणि हसत. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "भाईंनी निवृत्तीची तालीम सुरू केली." ते डोळे न उघडता म्हणत, "तालीम कच्ची हाय, बाई. झोप येत न्हाई." मीही मग पडदा बंद करून ऐकायला बसले, आणि मला ते सापडलं. गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले की पुढच्या वाक्याचा पहिला कण गिळला जाई. इतका सूक्ष्म, की डोळे उघडे असताना तो निसटून जाई. कारण शोधणं मग अवघड नव्हतं. नव्या आवृत्तीत विजेच्या बचतीसाठी ध्वनीची यंत्रणा शांतता मिळताच झोपी जात होती, आणि हाक आली की उठायला तिला निमिषभर लागत होतं. तेवढ्यात पहिलं अक्षर निघून जाई. मी तिची झोप बंद केली.

सर हे ऐकून फार खूश झाले. "म्हणजे ही झोपत होती म्हणून मला झोप येत नव्हती," ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे पुन्हापुन्हा तेच वाक्य स्वतःशी म्हणत राहिले.

वंदना आता लातूरच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. मी पुण्यात आहे. आमच्या प्रयोगशाळेत नवी आवृत्ती आली की स्टूल घेऊन लोकांच्या मागे बसते, आणि सहकारी मला थोडं विचित्र समजतात. निवृत्तीच्या समारंभाला मी नांदेडात नव्हते. म्हणून माझ्यापाशी मुनीर सरांचं शेवटचं दर्शन त्याआधीचं आहे, मी पुण्याला निघाले त्या आठवड्यातलं.

वंदना दोन दिवस सुट्टीवर होती. तिला सांगून, तिच्या होकारानंच, सरांनी तिचं यंत्र नव्या आवृत्तीवर नेलं होतं. जुनं जसंच्या तसं दुसऱ्या डिस्कवर बाजूला ठेवलेलं होतं, नाही जमलं तर परत बसवायला. त्या दुपारी मी चहा घेऊन आत आले तेव्हा ते कोपऱ्यात तिच्याच खुर्चीत बसले होते. पडदा काळा होता. ओढणीची चिंधी पंख्याच्या वाऱ्यावर हलत होती, गाठ तशीच होती. हेडफोनच्या कडेनं ज्वारी सांडल्याचा नाद येत होता, अखंड. सरांची मान एका बाजूला कलली होती. अंगठा तर्जनीवर थांबलेला होता.

दारात काठीचा आवाज झाला. मुदखेडची गाडी आली होती. वंदनानं चपला काढल्या, सवयीनं सरांच्या चपलांशेजारी ठेवल्या, आणि आत येऊन थबकली. ती काहीतरी ऐकत होती. मीही ऐकलं. यंत्रांच्या पंख्यांखाली आणखी एक श्वास चालू होता, लांब आणि सावकाश.

"ताई," ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "सर झोपले का?"

"हाव," मी म्हटलं. ‘हो’ऐवजी हे नांदेडी ‘हाव’ मी तेवढं एकदाच म्हटलं.

तिनं हात पुढे करून चिंधी शोधली. गाठ चाचपली. मग दोन्ही हातांच्या बोटांनी ती हळूहळू सोडवली, ओढणीची पट्टी सरळ केली, आणि भिंतीशी असलेल्या बाकावर जाऊन, सर उठेपर्यंत, मांडीवर काठी आडवी ठेवून बसून राहिली.